चार चित्रांचं रीळ: मुलुंड, मनोरी आणि अंधेरीचा एक शनिवार

मनोरीला जायला कुणाला कारण लागत नाही. माझ्या आईला मुलुंडबाहेर काढायला मात्र भक्कम कारण लागतं, आणि ते या वेळी आग्नेलकाकांनी फोनवर दिलं. काका म्हणजे माझ्या बाबांचे गिरणीतले जोडीदार, राहायला मनोरीलाच. घर रंगवायला काढलं तेव्हा त्यांना माळ्यावर जुन्या फिल्मचं रीळ सापडलं. आपण सगळे मनोरीच्या किनाऱ्यावर गेलो होतो ना, त्या दिवसाचं, म्हणाले.

तेव्हा मी जेमतेम वर्षाची होते. पुढच्या वर्षी बाबा गेले. घरात त्यांचे तीन फोटो आहेत आणि तिन्हींत ते परीक्षेला बसल्यासारखे ताठ. गिरणीत पायावर कापडाचा गठ्ठा पडल्यापासून त्यांचा डावा पाय जड पडायचा, हे मला फक्त ऐकून माहीत.

"फोटोत माणूस उभाच असतो," आई म्हणाली. "मला ह्यांना चालताना बघायचंय. ती चाल आता डोळ्यांपुढे येतच नाय गं."

शनिवारी सकाळी सातला गाडी काढली. पवईमार्गे हायवे, मग मालाडवरून मार्वे. आठच्या आत पवई ओलांडलीत तर सुखी राहाल, नंतर निघालात तर सोबत डबा घ्या. मार्व्याला गाडी लावून फेरीबोट धरली. तिकीट वडापावपेक्षा स्वस्त आणि प्रवास दहा मिनिटांचा, पण ओहोटीला जेट्टीच्या पायऱ्या शेवाळाने निसरड्या असतात, तेव्हा चपला धड घाला. आईने माझा हात धरला नाही, समोरच्या कोळणीचा धरला. माझ्यापेक्षा तिच्यावर विश्वास जास्त.

काकांकडे जेवण झकास झालं. काकूंनी मैद्याचे तळलेले गोल गोल फुगे आणि बाटल्यांत भरून ठेवलेल्या घरच्या बॉटल मसाल्यातलं बोंबलाचं कालवण केलं होतं. आईने पाच फुगे खाल्ले, मी मोजले. मग काकांनी तांदळाने भरलेला बिस्किटांचा डबा आणला. ओल लागू नये म्हणून रीळ तांदळात पुरून ठेवलेलं.

डबा देताना मात्र ते चाचरले. कॅमेरा त्यांच्या मेव्हण्याचा, बोटीवरच्या नोकरीतून आणलेला. ओळखीतल्या एकाने फिल्म सिनेमावाल्यांच्या लॅबमधून फुकट धुऊन दिली होती. मग शाळेतल्या सोळा मिलिमीटरच्या मशीनवर लावून बघितली.

"एकाच वेळी चार-चार चित्रं दिसली, त्यातली दोन डोक्यावर उभी," काका म्हणाले. "सगळी हसली. बाद झालं समजून ठेवून दिलं. तुज्या बाबाचं म्हणून टाकलं नाय."

परतीच्या फेरीबोटीत आई डबा मांडीवर घट्ट धरून बसली होती. हिला उगाच आशा लावली, असं वाटून मला वाईट वाटत होतं.

अंधेरी पूर्वेला एका इंडस्ट्रियल इस्टेटीत श्रुती नावाची मुलगी जुन्या फिल्म संगणकावर उतरवून देते, घरी जाता जाता तिच्याकडे गेलो. आधी फोन करून जा, लिफ्टचा भरवसा नाही. तिने रीळ उजेडाच्या काचेवर पसरलं, पट्टी लावली आणि हसायला लागली. रुंदी सोळाची, पण कडेची छिद्रं नेहमीच्या दुप्पट. म्हणजे ही आठ मिलिमीटरची फिल्म होती. कॅमेऱ्यात ती सोळाच्या रुंदीचीच घालायची, एकदा अर्ध्या बाजूवर चित्रं घ्यायची, मग रीळ उलटं करून उरलेल्या अर्ध्यावर. धुतल्यावर लॅबने ती मधोमध उभी चिरून जोडायची असते. सिनेमाच्या लॅबला मोठ्या फिल्मची सवय, त्यांनी चिरलीच नव्हती. (तुमच्या माळ्यावर असं काही असेल तर पट्टीवर विसंबू नका, छिद्रंही बघा.)

चिरायचीही गरज नव्हती, दोन्ही बाजू संगणकावरच वेगळ्या करता आल्या. दोन तास आणि तीन चहांनंतर आम्ही पडद्यासमोर बसलो. पहिल्या अर्ध्यात तरुण आग्नेलकाका होडी ओढत होते, काकू हसत होत्या. दुसऱ्या अर्ध्यात ओल्या वाळूवरून आई पुढे चालली होती, कडेवर मी, आणि ती मागे वळून काहीतरी दटावत होती. चार मिनिटांत संपलं. बाबा कुठेच नव्हते.

मला रडू आलं.  चित्र फार हलतंय, निदान ते झटके काढून स्थिर करून देते, श्रुती म्हणाली.

आई खुर्चीत पुढे सरकली. तिने दुसरा अर्धा भाग पुन्हा लावायला लावला. मीही नीट बघितलं. चित्र एकदा हलकं वर जायचं, मग धपकन खाली बसायचं. हलकं, जड. हलकं, जड.

"हात लावू नको त्याला," आई म्हणाली. "ह्यांनी दिवसभर कॅमेरा सोडला नव्हता हातातून. हे चालतायत माझ्या मागून."

आठ वाजता घरी पोचलो. वाटेत मी तिला विचारलं, दटावत काय होतीस गं तेव्हा? ती म्हणाली, सांभाळून, पाय घसरेल, दुसरं काय.

हे लिहितेय तेव्हा आई स्वयंपाकघरात फोन डब्याला टेकवून ते बघतेय. त्यात आवाज नाही. तरी ती मधूनच म्हणते, "सावकाश."