धोंड्याच्या महिन्याची किस्त

माझ्या नवऱ्यानं एका मित्राला जामीन राहून चारशे ऐंशी रुपये अंगावर घेतले आहेत, हे मला लग्नानंतर तिसऱ्या वर्षी कळलं. मित्र इंग्रजी मुलखात पळून गेला होता म्हणे. हे सांगत होते तेव्हा मी भाकरी करत होते. ऐकता ऐकता तव्यावरची भाकरी करपली. ती मी मुद्दाम ह्यांच्याच ताटात वाढली आणि ह्यांनी ती मुकाट्यानं खाल्ली.

आम्ही नांदेडला राहत होतो. हे निजाम सरकारच्या शाळेत मास्तर होते. पगार बेचाळीस रुपये हाली, म्हणजे निजामाच्या शिक्क्याचे, आणि नोकरी अजून कच्ची. सावकार होता लातूरचा, कापडाचा मोठा व्यापारी. लातूर माझं माहेर, त्यामुळे त्याचं दुकान मला लहानपणापासून ठाऊक. माझ्या लग्नाचा बस्ता तिथंच बांधला होता. त्याच्या गळ्यात लिंग, कपाळावर भस्माचे पट्टे, बोलणं मऊ. पण पैशाच्या बाबतीत तो सख्ख्या भावालाही सोडत नाही, असं गावात म्हणायचे.

ह्यांनी त्याच्याशी किस्तबंदी केली होती. व्याज धरून चारशे ऐंशी, महिन्याला सोळा रुपये, तीस किस्ती. कागद स्टांपावर आणि उर्दूत. मला मराठी वाचता येत होतं, मोडीही थोडी लागत होती. उर्दू मात्र ह्यांचं. मी कागद पाहायला मागितला नाही आणि ह्यांनी तो दाखवला नाही. ह्यांना व्यवहारातलं काडीचं कळत नाही, असं मी त्याच दिवशी ठरवून टाकलं होतं आणि सांगितलं होतं की उद्यापासून पगार माझ्या हातात यायचा. हो म्हणाले. इतक्या लगेच हो म्हणाले की मला उलट रागच आला.

मग मी ते घर चालवलं, आणि चांगलं चालवलं, हे मी माझ्या तोंडानं सांगते. पगार आला की आधी सोळा रुपये फडक्यात बांधून बाजूला, मग ज्वारी, मग बाकीचं. चहा बंद केला. तेल मोजून. शेजारणींची पोलकी शिवून दिली, ह्यांना दोन शिकवण्या धरायला लावल्या. अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात. मी तर पाय पोटाशी घेऊन निजायला शिकले. आणि महिन्यातून चार वेळा तरी त्या मित्राचा उद्धार केला. जेवताना कोरडी भाकरी घशाखाली उतरेना की म्हणायची, तुमचा तो मित्र आज बासुंदी खात असेल. हे मान खाली घालून जेवत. एका शब्दानं त्याची बाजू घेत नसत आणि त्याला नावंही ठेवत नसत.

सावकाराच्या मेव्हण्याचं नांदेडच्या बाजारात दुकान होतं. किस्त तिथं भरायची, मुनीम चिठ्ठी द्यायचा. कधी भरायची हे ह्यांनी एवढंच सांगितलं होतं की महिन्यातून एकदा. मी पौर्णिमा ठरवली. माझे वडील जोशीपण करायचे, मी पंचांगावर वाढलेली; माझ्या लेखी महिना म्हणजे चैत्र, वैशाख, ज्येष्ठ. ह्यांच्या शाळेचे महिने वेगळे होते, सरकारी फसली सालाचे: आजूर, दय, बहमन. ती नावं मला फक्त पगाराच्या दिवशी ऐकू यायची. एकोणीस पौर्णिमा मी एकोणीस किस्ती भरल्या आणि एकदाही कुणाचं काही अडलं नाही.

विसाव्या किस्तीच्या वेळी अधिक श्रावण आला.

आमच्याकडे धोंड्याच्या महिन्यात दान करतात, जावयाला अनारसे वाढतात, पण व्यवहार करत नाहीत. वडील त्या महिन्यात कुणाचं देणं देत नसत आणि येणं घेत नसत. तो महिना मोजायचाच नाही, हे मी लहानपणापासून पाहिलेलं. तेव्हा अधिकातल्या पौर्णिमेला किस्त भरायची असते, हे माझ्या मनातसुद्धा आलं नाही. आलं ते हे की सरकारनं पगार तर दिला, किस्त मात्र नाही, म्हणजे सोळा रुपये देवानं दिले.

ते मी स्वतःवर उडवले नाहीत. ह्यांची शेरवानी कोपरावर विरली होती. शाळाखात्याचे मोठे साहेब पुढच्या महिन्यात तपासणीला येणार होते, आणि त्यांच्या शिफारशीवर ह्यांची नोकरी पक्की होणार की जाणार हे ठरणार होतं. हेडमास्तर ह्यांना म्हणाले होते की असल्या शेरवानीत साहेबांपुढं उभे राहू नका. मी त्या पैशात कापड घेतलं, शिलाई दिली, आणि शेरवानी घालून पाहताना ह्यांचं तोंड उजळलं ते पाहून इतकी खूश झाले की पैसे कुठून आले हे ह्यांनी विचारलं तर ऐटीत म्हणाले, तुम्हाला काय करायचंय.

राखी पौर्णिमेला मी नेहमीसारखी सोळा रुपये घेऊन दुकानात गेले. मुनिमानं फडक्याला हात लावला नाही.

"बाई, लातूरहून निरोप हाय," तो म्हणाला. "किस्त घेऊ नगा म्हणून राहिले."

मला वाटलं काही गैरसमज झाला असेल. तेव्हा त्यानं समजावून सांगितलं. कागदात सरकारी महिने लिहिलेत. दर सरकारी महिन्याला एक किस्त. त्यातला ‘शहरेवर’ नावाचा महिना, म्हणजे माझा धोंडा, रिकामा गेला. एक जरी किस्त चुकली तर उरलेली सगळी रक्कम एकदम द्यायची, नाहीतर अदालतीतून पगारावर जप्ती. उरल्या होत्या अकरा किस्ती, एकशे शहात्तर रुपये. मुदत चार दिवस. त्यानंतर जप्तीचं पत्र थेट शाळेत हेडमास्तरांकडे.

दुष्काळात तेरावा महिना ही म्हण मी दहा वेळा वापरली असेल. ती काय असते हे मला त्या दुकानाच्या पायरीवर कळलं. तपासणी पाच दिवसांवर होती. कच्च्या नोकरीतल्या मास्तराच्या पगारावर जप्ती आली तर त्याला कोण पक्का करणार?

ह्यांना सांगितलं तेव्हा ह्यांचा चेहरा उतरला. मी रडायच्या ऐवजी भांडले. सरकारी महिने आहेत हे मला आधी सांगायला काय झालं होतं? हे म्हणाले, तूच म्हणालीस सगळं मी बघते, मला वाटलं तुला ठाऊक आहे. दोघांचंही खरं होतं, आणि त्यानंच मला जास्त चीड आली. रजा मिळणं शक्य नव्हतं. मी म्हणाले, मी जाते लातूरला, माहेरी जाण्याचं निमित्त आहेच. हे नको म्हणाले. मी पत्र लिहितो म्हणाले. मग पुन्हा नको म्हणाले. पत्र पोचून उत्तर यायला चार दिवस पुरणार नाहीत हे ह्यांनाही कळत होतं, तरी माझी पिशवी भरून होईपर्यंत हे दारात उभे राहून नको नको म्हणत होते. बायकोला सावकारापुढं पाठवायची लाज वाटत असेल, असं मला वाटलं.

गाडी दोनदा बदलून आणि शेवटी मोटारीनं मी लातूर गाठलं. सगळा रस्ता मी मनात बोलणं जुळवत होते. वडिलांना सांगितलं, श्रावणातल्या सोमवारासाठी आले. सकाळी देवळात जाते म्हणून निघाले ती सरळ बाजारात.

सावकार गादीवर बसला होता. आमच्या गावच्या रीतीप्रमाणे मी त्याला अप्पा म्हणायची. मी एकोणीस चिठ्ठ्या त्याच्यापुढं मांडल्या, वर सोळा रुपये ठेवले, आणि धोंड्याच्या महिन्याचं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं.

"अक्का, धोंडा तुमच्या घरी," तो म्हणाला. "दुकानात न्हाई. व्याजाला कुठला मलमास?"

पुढं त्यानं जे सांगितलं त्यात रागबिग नव्हता, त्यामुळे मला जास्त भीती वाटली. मास्तराची नोकरी राहते की जाते याची खात्री नाही असं त्याच्या कानावर आलं होतं. नोकरी गेल्यावर तो पैसे कुणाकडे मागणार? त्यापेक्षा नोकरी आहे तोवर जप्ती आणलेली बरी. मी म्हणाले, अहो, तुमच्या जप्तीनंच ती जाईल. तो म्हणाला, ते बी खरं हाय. चिठ्ठ्यांकडे त्यानं पाहिलंसुद्धा नाही.

तेव्हा माझा तोल गेला. मी म्हणाले की ज्यानं पैसे खाल्ले त्याला पकडायची तुमची छाती नाही. तो पळाला, आणि तुम्ही जामिनाच्या मानगुटीवर बसलात. दुकानातली गिऱ्हाइकं वळून बघायला लागली.

"कोन पळालं?" सावकारानं विचारलं.

तो खरोखर गोंधळला होता. मी म्हणाले, ह्यांचा मित्र. त्यानं पेटीतून कागद काढायला लावला आणि कारकुनाला म्हणाला, अक्काला मराठीत सांग. कारकून एकेक ओळ वाचून अर्थ सांगत गेला. त्यात कुठंच मित्र नव्हता, जामीन नव्हता. लातूरच्या जोशीबुवांनी मुलीच्या लग्नासाठी घेतलेलं कर्ज, मी त्यांचा जावई, माझ्या खुशीनं माझ्या अंगावर घेतो, असं त्यात लिहिलं होतं. खाली ह्यांची सही. शेजारी माझ्या वडिलांची.

"तुझ्या हुंड्याला काढले व्हते," सावकार म्हणाला. "घरावर जप्ती येनार व्हती, तवा मास्तर आला. बायकोला कळू देऊ नगा, येवढंच मागितलं त्यानं."

माझ्या लग्नात तीनशे रुपये हुंडा मोजून घेतला होता. माझ्या सासऱ्यांनी मांडवात मोजला होता, दोनदा. ते पैसे नंतर नणंदेच्या लग्नात गेले. आणि दोन वर्षं मी चहा सोडून, पोलकी शिवून जे फेडत होते तो माझाच हुंडा होता. मी तिथं गादीच्या कडेला बसले. सावकारानं पाणी मागवलं. मला वडिलांचा राग आला, सासऱ्यांचा आला, आणि ह्यांचा तर इतका आला की हे समोर असते तर मी काय केलं असतं सांगता येत नाही.

मी कानातल्या मोत्यांच्या कुड्या काढल्या. वडिलांनी लग्नात घातलेल्या, बहुधा त्याच पैशातल्या. म्हणाले, शहरेवरची किस्त ह्यात धरा, हे सोळा चालू महिन्याचे. कुड्या दिवाळीपर्यंत सोडवीन, आणि यापुढं सरकारी महिन्याच्या पहिल्या तारखेला पैसे दुकानात येतील. सावकारानं कुड्या तोलल्या, मोती नखानं पाहिले. त्याला किती वेळ लागला कुणास ठाऊक. मी त्याच्या हाताकडे बघत होते. शेवटी त्यानं दोन चिठ्ठ्या लिहायला सांगितल्या आणि मेव्हण्याला निरोप धाडतो म्हणाला.

घरी आले तेव्हा वडील ओसरीवर पंचांग उघडून बसले होते. त्यांनी वर पाहिलं, माझ्या मोकळ्या कानांवर त्यांची नजर थांबली. कुड्या कुठं आहेत हे त्यांनी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी खोटं सांगितलं असतं. ते खोटं माझं तयार होतं. त्यांनी पंचांग मिटलं आणि आत जाऊन माझ्यासाठी स्वतः पाट मांडला. आम्ही दोघं जेवलो. मी दुसऱ्या दिवशी निघाले.

नांदेडला पोचले ती तपासणीची सकाळ होती. हे नवी शेरवानी घालून दारात उभे होते, रात्रभर झोपले नसावेत. जप्ती थांबली, मी म्हणाले. ह्यांनी मान हलवली, पण ह्यांना विचारायचं होतं ते वेगळंच होतं.

"कागद वाचून दाखवला का त्यानं?"

"दाखवला."

हे उंबऱ्यावरच बसले, नव्या शेरवानीची पर्वा न करता. मी म्हणाले, दोन वर्षं मी त्या माणसाला रोज शिव्या घातल्या, आणि तुम्ही ऐकत बसलात? एकदा तरी सांगायचं की असा कुणी माणूसच नाही.

"होता की," हे म्हणाले. "हुंडा घेतला तेव्हा मी मांडवात बसून होतो. एक शब्द बोललो नाही. तुझ्या शिव्या बरोबर माणसाला लागत होत्या."

शाळेची वेळ झाली होती. मी ह्यांच्या शेरवानीची धूळ झटकली, आणि ह्यांनी उठावं म्हणून हात पुढं केला.