सहा सुपरहिरो आणि एक चेकशीट

सुपरहिरोंच्या सिनेमाला मी चेकशीट घेऊन गेले, ही माझी चूक मला मान्य आहे.

पण वेळच तशी आली होती. आमचे हे दोन महिन्यांपूर्वी चाकणच्या कंपनीतून रिटायर झाले आणि त्यांचं हसणं बहुधा तिथल्या लॉकरमध्येच राहिलं. दिवसभर बाल्कनीत बसून खाली कोण गाडी वाकडी लावतं ते बघायचे. मी पडले याद्या करणारी. फ्रिजवरच्या यादीत रवा आणि गीझर दुरुस्तीच्या मधे मी लिहिलं: 'यांना हसवणे.'

उपाय आमच्या लेकीने, सायलीने काढला. ती लहान असताना आम्ही सहा सुपरहिरोंच्या टोळीचा एक सिनेमा पाहिला होता. त्यातला उडणारा हिरो उतरताना दर वेळी कुणाच्या तरी वाळत घातलेल्या कपड्यांत अडकायचा. हे इतके हसले होते, की पुढच्या रांगेतल्या माणसाने वळून पाणी दिलं होतं. आता तीच टोळी नव्या नटांसह पहिल्यापासून सुरू होत होती.

"फक्त टोन हलका हवा गं आई," सायली म्हणाली. "मधल्या भागांसारखा नको. सगळे पावसात उभे राहून रडतात."

"टोन म्हणजे नक्की काय? मुद्दे सांग."

झाली चेकशीट तयार. विनोद, उजेड, आपसातली थट्टा, कपड्यांत अडकणे (किमान एकदा). पुढे रकाने: ओके, नॉट ओके, शेरा.

(मी भोसरीच्या एका कारखान्यात क्वालिटी इन्स्पेक्टर आहे. आमचा नियम असा: उत्पादनाच्या लाइनवर एखाद्या स्टेशनला, म्हणजे कामाच्या जागेला, सलग तीन नॉट ओके आले की उभं राहायचं, हात वर करायचा आणि 'लाइन थांबवा' म्हणून ओरडायचं. वीस वर्षांनंतर हात आता माझी परवानगी घेत नाही.)

गुरुवारचा दुपारचा शो काढला. आमच्या भागातल्या बऱ्याच कंपन्यांना गुरुवारी सुट्टी, त्यामुळे थिएटर भरलेलं.

दहाव्या मिनिटाला टोळीचे गुरुजी वारले, तेही अंधाऱ्या गुहेत. मी ओढणीखाली मोबाइलची बॅटरी लावून लिहिलं: उजेड, नॉट ओके.

"ओ काकू, लाइट," मागून आवाज आला.

"दोन मिनिटं. उजेडाचंच लिहितेय."

सायली खुर्चीत खाली सरकत सरकत दिसेनाशी झाली. यांचा चेहरा बाल्कनीतलाच.

मग सहाही हिरो भांडून सहा दिशांना गेले. थट्टा, नॉट ओके. शेवटी उडणारा हिरो एका गच्चीवर उतरायला लागला. गच्चीत दोरी, दोरीवर कपडे! मी श्वास रोखला. पठ्ठ्या एका टॉवेललाही न शिवता उतरला, गुडघ्यावर बसला, आणि पाऊस सुरू झाला.

तिसरा नॉट ओके. संगीत थांबलं होतं, थिएटर चिडीचूप होतं, आणि मी हात वर करून उभी होते.

"लाइन थांबवा!"

आज गुरुवार आहे आणि थिएटरात निम्मे कारखान्यांतलेच आहेत, हे मी विसरले होते. पाचव्या रांगेतले दोघे ताडकन उठले. डावीकडे आणखी एक हात वर गेला. मागून कुणीतरी सवयीने विचारलं, "कुठल्या स्टेशनला, मॅडम?"

"बसा बसा," शेजारच्या रांगेतले एक काका समजुतीने म्हणाले. "आज सुट्टी हाय."

थिएटरचा माणूस टॉर्च घेऊन धावत आला. "काय झालं, मॅडम?"

"कपड्यांत अडकला नाही," मी प्रामाणिकपणे सांगितलं.

तेवढ्यात माझ्या बाजूने कुकरची शिट्टी अडकल्यासारखा आवाज आला. हे पोट धरून, डोळे पुसत हसत होते. पुढच्या रांगेतल्या माणसाने पाण्याची बाटली मागे दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी चेकशीट फ्रिजवर लावलेली होती. 'विनोद' या मुद्द्यापुढे ओकेची खूण, आणि शेऱ्यात यांच्या कंपनीतल्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं: 'सिनेमाकडून माल आलाच नाही. घरच्या मालावर भागवले. घरच्या मालात कोणतीही सुधारणा करू नये.'