उजवीकडचा तंबोरा

गाता गाता सर डावीकडे मान वळवायचे आणि म्हणायचे, "वा, पोरी!" तुम्ही त्यांच्या मैफलीला कधी गेला असाल, तर ती मान तुम्हालाही आठवत असेल. डावीकडे आमची व्हायोलिनवाली बसायची. मी मागे, उजवीकडे, तंबोरा घेऊन. उजवीकडे ती मान कधी वळली नाही.

फलटणजवळच्या खेड्यातून मी पुण्यात कॉलेजला आलो. घरात पदवीपर्यंत पोचलेलं माझ्याआधी कुणी नव्हतं, गाणं तर फारच लांब. माझा आवाज ऐकून सर म्हणाले, "कान चांगला आहे." पुण्यात हे गळ्याबद्दलचं मत असतं, हे मला नंतर कळलं. तरी त्यांनी मला ठेवून घेतलं, स्वतःचा तंबोरा माझ्या हातात दिला. ते उपकार मी विसरलेलो नाही. पण उपकारांनी हेवा जात नाही.

व्हायोलिनवाली कॅम्पातल्या इंग्रजी शाळेत शिकलेली. एकदा चहा पिताना तिनं सरांना ग्रीक पुराणातली गोष्ट सांगितली. ऑर्फियस नावाचा गवई मेलेल्या बायकोला आणायला पाताळात जातो. गाण्यावर खूश होऊन तिथले देव तिला सोडतात. अट एकच. उजेडात पोचेपर्यंत ती मागून येईल, त्यानं वळून बघायचं नाही. तो बघतो, आणि ती कायमची जाते.

"बघणारच," सर म्हणाले. "गवई आहे तो. मागून चांगलं काही आलं की मान वळतेच."

त्यातूनच त्यांनी ती रचना बांधली. गाणं पुढे चालायचं, व्हायोलिननं मागून यायचं, सरांनी समोर बघायचं. शेवटी एकदाच वळायचं, की व्हायोलिन अर्ध्या सुरावर बंद. तालमीत सरांच्या तोंडून मध्येच "वा, पोरी" निघून जायचं. "मेले मी पुन्हा," असं म्हणून ती गज खाली ठेवायची आणि दोघं हसायचे. मी तारा छेडत राहायचो. एकदा मलाही मारा, असं वाटायचं.

कार्यक्रमात सर वळले, व्हायोलिन थांबलं, आणि सभागृहात कुणी खोकलंसुद्धा नाही. नंतर जो तो तिच्या थांबण्याबद्दल बोलत होता. बाईंच्या गप्प बसण्याचंही कौतुक! त्या शांततेत तंबोरा वाजत होता, तो कुणाला ऐकू आला नसावा.

शेवटी मी धीर करून म्हणालो, "सर, आपण माझ्याकडे कधी बघत नाही."

सर पान लावत होते. "गवई तंबोऱ्याकडे बघतो तो सुरातून उतरला की. तू कधी ती वेळ आणली नाहीस."

मी खूश झालो, पण एका संध्याकाळपुरताच. पुढे कितीदा तरी मनात आलं, खुंटी जराशी सैल सोडावी. हात झाला नाही.

म्हातारपणी सर धायरीला मुलाकडे राहायला गेले. तिथे त्यांच्या वाढदिवसाला आम्ही जमलो, आणि त्यांनी तीच रचना धरली. थोड्याच वेळात त्यांचा षड्ज खाली सरकला. व्हायोलिनवालीनं तारांवरून गज उचलून घेतला. सरांची मान वळली. उजवीकडे.

इतकी वर्षं हवी असलेली ती नजर, आणि मला ती नको झाली. तंबोरा सुरात होता.

"उतरलाय का रे?"

"हो, सर," मी म्हणालो. खुंट्या पिळून एकेक तार खाली आणली, सरांचा आवाज होता तिथपर्यंत.

ते ऐकत राहिले. मग समोर वळून म्हणाले, "चालू राहू दे." पण गायले नाहीत. त्यानंतर कधीच गायले नाहीत.

जिना उतरताना व्हायोलिनवाली म्हणाली, "शेवटचं बघितलं ते तुझ्याकडे." तिच्या आवाजात काय होतं ते मी लगेच ओळखलं. माझ्याइतकं ते कोण ओळखणार?

सर गेले. तंबोरा माझ्याकडे आहे. ती घरी आली की तो मांडीवर घेते, तारा छेडते, तो खालचा षड्ज ऐकत बसते. खुंटीला हात लावत नाही.