दारातला साहेब

“पुसा तो फळा. नाहीतर मी पाणी ओतते त्याच्यावर,” प्रेमलाबाई पुन्हा म्हणाल्या. हातात खरोखरच भरलेला तांब्या होता.

“त्यात कोणाचं नाव आहे का?” दत्तोपंत म्हणाले. “साहेबानं सगळ्या माणूसजातीबद्दल लिहिलंय.”

“माणूसजात येत नाहीये आज. नेवाशाचे विष्णुपंत वकील येतायत, मुलगी बघायला.”

दत्तोपंत नगरच्या एका हायस्कुलात इंग्रजी शिकवत. दिल्ली दरवाज्याजवळच्या त्यांच्या घराबाहेर फळा टांगलेला असे आणि त्यावर रोज सकाळी ते आपल्या आवडत्या इंग्रज कवीचे एखादे वचन मराठीत उतरवून लिहीत. माणसांच्या खोडींवर बोट ठेवण्यात हा कवी पटाईत. त्याचे नाव घरात कोणाच्या जिभेवर बसेना, म्हणून तो नुसता ‘साहेब’. ‘सल्ला मागायला येणारा उत्तर मनात बांधूनच आणतो,’ असे लिहिले त्या दिवशी गल्लीतला जो तो हसला आणि हे शेजाऱ्यावर आहे असे धरून चालला. शेजारच्या केशरबाई म्हणत, सगळा देश साहेबाला घालवायला निघालाय आणि मास्तरांनी त्याला दारात टांगलाय. दत्तोपंत त्यावरही खूश. आज मात्र कोट कसा दिसतो हे त्यांनी मुलीला पुन्हा पुन्हा विचारले होते, आणि सल्ला मागणाऱ्यावरचे साहेबाचे वचन काही त्यांना आठवले नव्हते.

आजच्या फळ्यावर होते: ‘काहीच नको म्हणणाऱ्याची नजर फडताळावरून हलत नाही.’ आणि विष्णुपंतांचा निरोपच होता, आम्हाला काही नको, मुलगी आणि नारळ द्या.

नीलांबरीला स्थळ मनातून हवे होते. एका नात्यातल्या लग्नात वकिलांचा शामकांत पंगतीत वाढत होता. जिलबीचा आग्रह करायचे सोडून त्याने तिला, हल्ली काय वाचतेस, असे विचारले होते. म्हणून ती आता आईच्या तांब्याकडे आशेने बघत होती.

तांब्या कलंडायच्या आत टांगा दारात थांबला.

विष्णुपंत उतरले, मागोमाग शामकांत. विष्णुपंतांनी फळा वाचला आणि ते खो खो हसले. “आमचे श्रीगोंद्याचे साडू. अगदी हुबेहूब.”

प्रेमलाबाईंचा जीव भांड्यात पडला.

पोहे खाताना विष्णुपंतांनी पुन्हा सांगितले, आम्हाला काही नको. सांगता सांगता त्यांची नजर घंगाळावरून समयांवर गेली, घोडेगावच्या बाजारात बैलाच्या पाठीवरून फिरते तशी, आणि शिलाईच्या मशीनवर जाऊन बसली. दत्तोपंतांचे ओठ हलले. पण बायकोने असे काही पाहिले की ते मुकाट्याने पोह्यांतले खोबरे शोधू लागले. शामकांतला मात्र फळा आठवला असावा. त्याला हसू आवरेना. ठसका लागल्याचे दाखवून त्याने पाणी मागितले. पाणी नीलांबरीने दिले; तीही ओठ चावत होती.

निघताना विष्णुपंत पायरीवर थांबले. काही नकोच, म्हणाले, पण मुलीच्या हाताला सवय आहे, तेव्हा ते मशीन तेवढे बरोबर असू द्या. उद्या कळवा.

टांगा वळला आणि घरात पुन्हा जुंपली. प्रेमलाबाई म्हणाल्या, देऊन टाकू मशीन, असे स्थळ परत यायचे नाही. दत्तोपंत म्हणाले, असल्या घरी मुलगीच द्यायची नाही. साहेब सांगूनच गेलाय...

“साहेबाला राहू द्या, नाना,” बशा उचलता उचलता नीलांबरी म्हणाली. “मी शामकांतशीच लग्न करणार. मशीन इथंच राहील. उद्या तसंच कळवा.”