फुकटचं ऑपरेशन

एप्रिलची अठरा तारीख. निलंग्याच्या घरी मी ज्वारी निवडत होते, आणि इंग्लंडहून सुट्टीवर आलेले माझे दीर त्यांच्या आईला तिकडच्या दवाखान्यांबद्दल सांगत होते. लातूर नुकताच जिल्हा झाला होता. दोन वर्षं पावसाने तोंड दाखवलं नव्हतं. सासूबाईंचा एक डोळा आधीच गेलेला, दुसऱ्यात मोतीबिंदू पिकलेला. "आता थांबलात तर हाही जाईल," असं डॉक्टरांनी बजावलं होतं. लातुरात एका शाळेत शिबिर लागलं होतं, ऑपरेशन मोफत. नेमकं तेच सासूबाईंना पटेना. फुकटच्या औषधाला गुण नसतो, हा त्यांचा नियम. वैद्याच्या पदरात मूठभर दाणे टाकल्याशिवाय त्यांनी कधी काढासुद्धा घेतला नव्हता.

"आई, आमच्याकडं सगळ्यांनाच फुकट असतं," दीर म्हणाले.

"मग बरी व्हत्यात का तिथली माणसं?"

"होतात की. पगारातून आधीच कापून घेतात."

"म्हंजी फुकट न्हाईच. मला येडी समजतो का रं?"

दीर अमेरिकेकडे वळले. तिथे ज्याने त्याने विमा काढायचा. नसला तर साध्या ऑपरेशनपायी घर विकायची पाळी येते.

"तिथल्या औषधाला लई गुण असंल," सासूबाई म्हणाल्या.

दिरांनी कपाळाला हात लावला. सूप बाजूला ठेवून मी शिबिराचा कागद नीट वाचायला घेतला. अगदी तळाला लिहिलं होतं : पाणीटंचाईमुळे प्रत्येक रुग्णाने दोन घागरी पाणी सोबत आणावे.

"आत्याबाई, फुकट नाही. दोन घागरी पाणी द्यायचंय," मी सासूबाईंना म्हणाले.

त्या ताठ बसल्या. "दोन? एका डोळ्याला?"

"दोन."

"लुटारू हायत मेले!"

आमच्या गल्लीत टँकर तीन दिवसांआड यायचा, त्यामुळे त्यांचा संताप खोटा नव्हता. एका घागरीवर भागवता येतं का, हे त्यांनी मला तीनदा विचारलं. मी बधले नाही. शेवटी म्हणाल्या, "एवढं घेतोय म्हंजी डाक्टर चांगला असंल. धुतलेलं लुगडं काढ माझं."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दोन्ही घागरींची तोंडं फडक्याने बांधली, एक दिरांच्या खांद्यावर दिली, एक मी कडेवर घेतली आणि सासूबाईंना लातूरच्या पहिल्या एसटीत बसवलं. वाटेत पाणी हिंदकळल्याचा आवाज आला की त्या दिरांच्या मांडीवर चापट मारत होत्या.