पागाचा टुटू
परवा मालवणच्या बाजारात जाळीचे फुगीर स्कर्ट टांगलेले दिसले, कॉलेजच्या मुली बुटांवर घालतात तसले, आणि मला एकदम मासळीचा वास आला. लहानपणी शाळेच्या गॅदरिंगमध्ये मला बॅले करायचा होता, आणि पुस्तकातल्या चित्रातल्या नर्तिकेसारखा कमरेभोवती ताटासारखा आडवा राहणारा जाळीचा स्कर्ट, टुटू, हवाच होता! बाबा अंगणात पाग, म्हणजे हाताने फेकायचं गोल जाळं, विणत होते. चित्र बघून म्हणाले, "ह्यो तर पागच! फाल्या देतंय." दुसऱ्या दिवशी त्यांनी विणलेला टुटू मी धावतच जाऊन कमरेला बांधला, तर घेर गपकन खाली लोंबला आणि गुडघ्यांवर टकाटक मार बसला. सवयीने बाबांनी कडेला शिशाचे मणी ओवले होते! "पाग शिशाशिवाय उघडतलो कसो गो?" ते गोंधळून म्हणाले. "बाबा, ह्येका बुडूचां नाय, उडूचां आसा!" बाबा हसत सुटले. मणी कापून त्यांनी केरसुणीतले माडाचे हीर, म्हणजे झावळीच्या ताठ काड्या, कडेत ओवले. संध्याकाळी स्टेजवर मी गर्रकन फिरले, घेर ताठ पसरला आणि मागच्या रांगेतून बाबा ओरडले, "उघडलो रे, उघडलो!" परवा त्या स्कर्टची कड मी कितीतरी वेळ बोटांनी चाचपत होते. शेवटी दुकानदारानेच विचारलं, "ताई, काय शोधताय?"