चूक माझीच निघू दे

डार्करूममध्ये शिरताना ताई आधी चपला बाहेर काढायची, मग हात धुवायची आणि मगच कामाला हात लावायची. छोट्याशा रुग्णालयातली ती एक्स-रेची अंधारी खोली तिला देवघराहून वेगळी नव्हती. फिल्म धुणं, वाळवणं आणि कॅसेटी स्वच्छ ठेवणं हे तिचं काम. कॅसेट म्हणजे वहीसारखी उघडणारी चपटी पेटी. आत दोन्ही बाजूंना एकेक पांढरट पडदा चिकटवलेला आणि दोहोंच्या मधे फिल्म.

कामाला नवीन कुणी आलं की ताई त्याला तो पडदा कौतुकाने दाखवायची. "साधा पुठ्ठा समजू नका हं! खाली सतरंजी, वर गादी, त्यावर चादर, तसे थर आहेत याच्यात. मधल्या थरात दुर्मिळ धातूची पूड असते. एक्स-रे पडला की ती हिरवी उजळते आणि त्या उजेडात फोटो उमटतो. जुन्या पडद्यांना याच फोटोसाठी कितीतरी जास्त किरण लागायचे. ज्याने ही पूड जमिनीत ठेवली आणि ज्यांनी ती शोधली, सगळ्यांचं भलं होवो!"

"देवाचं भलं तुम्ही काय करणार, ताई?" एक्स-रे काढणारे काका चिडवायचे.

"तो निदान ऐकून तरी घेतो. तुमच्यासारखा मधे बोलत नाही."

उघड्या कॅसेटवर कुणी शिंकलेलं सोडाच, बोललेलंही तिला खपत नसे. पडद्यावर कण जरी बसला, तरी तेवढ्या जागचा उजेड फिल्मपर्यंत पोचत नाही आणि फोटोत पांढरा ठिपका उमटतो. माझ्या कॅसेटीवर ठिपका दाखवाच, असं ती सगळ्यांना खुशाल सांगायची.

खोकला काही केल्या जाईना म्हणून तिचा धाकटा भाऊ एक दिवस छातीचा फोटो काढायला आला. सोबत त्याची बायको होती. काकांनी फोटो काढला, ताईने फिल्म धुतली आणि दिव्यासमोर धरली. उजव्या फुप्फुसाच्या काळ्याभोर जागेत एक फिकट पांढरी, बोराएवढी खूण होती.

डॉक्टरीणबाईंनी फिल्म बराच वेळ निरखली. "गाठ असू शकते. नाहीतर पडद्यावर काही असेल. दुसऱ्या कॅसेटीवर पुन्हा काढू या."

"ताईंच्या पडद्यावर?" काका बोलून गेले. "शक्यच नाही."

इतकी वर्षं हे ऐकून ताईच्या अंगावर मूठभर मांस चढायचं. आज तेच शब्द तिला नकोसे झाले.

बाहेर बाकावर भावजय पदराचं टोक पिळत बसली होती. "वन्सं, काय निघालं हो?"

"फोटो नीट आला नाही. पुन्हा काढतायत."

"तुमच्या हातचा, आणि नीट नाही आला?"

"ताईची चूक?" धाकटा हसला. "आईच्या हातचा मार सगळा मीच खाल्ला, ही कायम नामानिराळी!" पुढे त्याला बोलायचं होतं, पण खोकल्याची उबळ आली.

ताई आत आली. दुसऱ्या कॅसेटीत फिल्म भरली आणि काकांकडे देण्याआधी तशीच अंधारात हात जोडून उभी राहिली. 'देवा, आजवर माझ्या हातून चूक होऊ देऊ नकोस म्हणून मागितलं. आज उलटं मागते. चूक माझीच निघू दे. निष्काळजी म्हणू देत, आंधळी म्हणू देत, सगळं माझ्या पदरात घाल. पण ती खूण त्याच्या छातीत नको.'

फोटो निघाला. लाल दिव्याच्या मंद उजेडात औषधाच्या पाण्यात चित्र वर येऊ लागलं. खांदे आले, बरगड्या आल्या. तिची नजर उजवीकडे जायला धजेना. शेवटी फिल्म धुऊन दिव्यासमोर धरली, तर फुप्फुस नितळ काळं. तिने ती उलटून पाहिली, पुन्हा सुलटून पाहिली. काहीच नाही.

"छाती स्वच्छ आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "औषध देते, होईल बरा."

काकांनी पहिली कॅसेट उघडून, पूड उजळवणाऱ्या जांभळ्या दिव्याखाली धरली. पडदा हिरवागार उजळला आणि त्या उजेडात एक काळपट डाग दिसला. साबणपाण्याचा वाळलेला थेंब! सकाळी पडदा पुसल्यावर वरून कोरडं फडकं फिरवायचं राहून गेलं होतं.

"ताई, इथे भाऊ होता म्हणून लगेच समजलं," डॉक्टरीणबाईंचा आवाज चढला. "परका माणूस गावी निघून गेला असता, तर त्याची झोप उडाली असती की नाही?"

"उडाली असती. बोला बाई, अजून बोला." ताईच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या आणि चेहरा मात्र हसत होता. काकांना कळेना, हिला पाणी द्यावं की पेढे मागावेत.

मग मात्र तिला एकदम आठवलं. सकाळपासून त्या कॅसेटीवर एका बाईचं मनगट आणि एका म्हाताऱ्याचा गुडघा निघाला होता. दोन्ही फिल्मा अजून तारेवर वाळत होत्या. तिने त्या काढून डॉक्टरीणबाईंपुढे ठेवल्या. डाग दोन्हीकडे हाडापासून लांब पडला होता. बाईंनी ठीक आहे अशी मान डोलावली. एवढ्यावर भागवलंस रे देवा, असं म्हणत तिने सगळ्या कॅसेटी उघडल्या आणि पडदे नव्याने पुसायला घेतले.

"ताई, येतेस ना? पोटात कावळे ओरडतायत!" धाकटा दाराबाहेरून म्हणाला आणि पुन्हा खोकला.

नुसता खोकला तो. ताई हातातलं कोरडं फडकं तसंच धरून ऐकत राहिली.

"तुम्ही व्हा पुढे," ती म्हणाली. "हे नीट वाळल्याशिवाय मी हलत नाही."